पोट धावतंय की थांबलंय?

या वेळच्या पत्रांत पोटाचेच प्रश्न जास्त आहेत. मोहोराच्या फवारण्या चालू आहेत, तेव्हा पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा देतो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत एकतीस वर्षं गुरांचा डॉक्टर म्हणून फिरलो. त्यात रात्री दारावर थाप पडली ती बहुतेक वेळा पोटासाठीच.

प्रश्न : आमची कालवड आंब्याच्या कलमांच्या बागेत शिरली. आदल्या दिवशी तिथे तुडतुड्यांसाठी फवारणी झाली होती. दोन तासांत तोंडातून लाळेच्या तारा सुटल्या, पाण्यासारखं शेण, धाप, अंगाला थरथर. डॉक्टरांनी ॲट्रोपिनची इंजेक्शनं दिली, रात्रभरात चार वेळा. जीव वाचला. पण पुढचे दोन दिवस रवंथ बंद, डावी बाजू फुगलेली, शेण नाही. वाडीत म्हणतात, डॉक्टरांनी औषध जास्त केलं. खरं का?
*(एक वाचक, देवगड तालुका)*

उत्तर : कालवड वाचली हे वाचून फार बरं वाटलं. वाडीतल्या बोलण्याचं आधी सांगतो. औषध जास्त झालेलं नाही, लागत होतं तेवढंच दिलं गेलं. मात्र पोट थांबलं ते त्याच औषधामुळे, हेही खरं आहे. दोन्ही खरं कसं, ते जरा सावकाश सांगतो.

आतड्याची आणि कोटीपोटाची, म्हणजे वैरण आंबते त्या मोठ्या पहिल्या पोटाची, भिंत ज्या स्नायूची बनते, तो मांडीच्या स्नायूसारखा नसतो. त्याच्यावर पट्टे नसतात, म्हणून पुस्तकात त्याला अरेखित किंवा मृदू स्नायू म्हणतात. जनावराच्या इच्छेवर तो चालत नाही. हळू आकसतो, हळू सैल पडतो, आणि रात्रंदिवस काम करूनही थकत नाही. मेंदूकडून खाली पोटापर्यंत व्हेगस नावाची नस येते. तिच्याकडून निघालेला हुकूम शेवटी नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडतो. ते स्नायूवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागेवर, बसलं की स्नायूच्या पेशीत कॅल्शियम वाढतं आणि स्नायू आकसतो. काम झालं की कोलिनेस्टरेज नावाचं विकर त्या रसायनाचे तुकडे करतं, आणि स्नायू पुढच्या हुकमासाठी मोकळा होतो.

क्विनालफॉस, डायमेथोएट ही कीटकनाशकं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. ती या विकराला जखडून टाकतात. रसायन साचत जातं, हुकूम सुटत राहतो, रद्द होतच नाही. लाळ, डोळ्यांतून पाणी, पातळ शेण, बारीक झालेली बाहुली, सगळं त्यातून येतं. जीव जातो तो प्रामुख्यानं श्वासापायी, कारण श्वासनळ्यांच्या भिंतीतही हाच स्नायू असतो. तो आवळतो आणि नळ्या चिकट स्रावानं भरतात. तुम्ही जी धाप पाहिलीत ती हीच.

ॲट्रोपिन विष धुऊन काढत नाही. ते रिसेप्टरची जागा अडवून बसतं, म्हणजे साचलेल्या ॲसिटिलकोलिनला बसायला जागाच उरत नाही. समोर रसायनाचा इतका लोंढा असल्यावर औषधही तसंच लागतं. भूल देण्याआधी जेवढं ॲट्रोपिन देतात त्याच्या कित्येक पट. शिवाय ते लवकर उतरतं, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. तोंड कोरडं पडलं, छातीतली घरघर गेली, बाहुली मोठी झाली की डॉक्टर हात आवरतात. तुमच्या डॉक्टरांनी रात्रभरात चार फेऱ्या मारल्या त्या यासाठी. त्यांचे आभार मानले नसतील तर जरूर माना.

राहता राहिलं पोट. श्वासनळीवरची जी जागा ॲट्रोपिननं अडवली, तीच पोटाच्या स्नायूवरही अडवली. आतड्याला स्वतःचं नसांचं जाळं असतं, ताल धरणाऱ्या स्वतःच्या पेशी असतात, त्यामुळे ते लवकर सावरतं. गाईचं कोटीपोट तसं नाही. ते जवळजवळ सर्वस्वी व्हेगसच्या हुकमावर ढवळतं, आणि ढेकरही त्याच नसेच्या जोरावर येते. आत मात्र वैरण आंबतच असते, वायू धरतच असतो. ढवळणं बंद, ढेकर बंद, म्हणून डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा कुशीतला खळगा, फुगली. ॲट्रोपिन पूर्ण उतरलं की पोट आपोआप चालू होतं. तुमच्याकडे दोन दिवस लागले, यात वावगं काही नाही.

थरथरीबद्दलही लिहायला हवं. अंगाचा, म्हणजे मांडी-खांद्याचा स्नायूही ॲसिटिलकोलिनवरच चालतो, पण त्याचा रिसेप्टर वेगळ्या घडणीचा आहे. ॲट्रोपिन तिथे बसत नाही. म्हणून लाळ सुकल्यावरही थरथर थोडी राहते. अशा वेळी घाबरून मालक म्हणतो, "डॉक्टर, अजून एक टोचा." तसा आग्रह कृपा करून धरू नका. थरथरीसाठी वेगळं औषध असतं, ते डॉक्टर ठरवतील.

पुन्हा असं घडलं तर फवारणीचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी आधी शोधा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. सगळी कीटकनाशकं एका गटातली नसतात. डेल्टामेथ्रिन किंवा लॅम्डा सायहॅलोथ्रिन वेगळ्या वाटेनं काम करतात, तिथे ॲट्रोपिनचा हा हिशोब लागू पडत नाही. अंगावर फवारा उडाला असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवा, धुताना स्वतःचे हात झाका. लाळ गाळणाऱ्या, धापणाऱ्या जनावराच्या तोंडात बाटलीनं ताक, तेल, काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. पोट थांबलेल्या दिवसांत तिला डाव्या कुशीवर आडवी पडू देऊ नका. छातीवर बसती ठेवा, मागेपुढे पेंढ्याचे भारे लावा. रवंथ सुरू होईपर्यंत आंबोण नाही, भात तर मुळीच नाही. मूठभर सुका पेंढा आणि पाणी पुरे.

आणि हाताची मूठ डाव्या भकाळीत दाबून धरायला शिका. पोट ढवळलं की मूठ आतून उचलली जाते, गादीखालून कुणी ढकलावं तशी. निरोगी गाईत मिनिटाला एक-दोन वेळा ती उचलली जाते. पाच मिनिटं घड्याळ लावून बसा.

हे मी शिकलो ती रात्र सांगतो. नोकरीचं पाचवं वर्ष, राजापूरजवळची एक वाडी, मृगाचा पाऊस नुकता लागलेला. बैलाचं शिंग मुळातून हललं होतं, रक्त थांबत नव्हतं. मी त्याला झायलाझिनचं इंजेक्शन दिलं, शांत पडेल तर बांधता येईल म्हणून. दिवसभर कोवळं गवत खाऊन तो तट्ट झाला होता, हे विचारायचं राहिलं. झायलाझिन झोप आणतं, त्याचबरोबर व्हेगसच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन सुटणंच कमी करतं. बैल डाव्या कुशीवर कलंडला. मी शिंगाशी वाकलेलो, आणि मागून घरातली म्हातारी हळूच म्हणाली, "डॉक्टर, ह्याचा पॉट बघा." कंदील वळवला तर भकाळी पाठीच्या कण्याच्या वर आली होती. पोट टोचून वायू सोडायचा ट्रोकार पिशवीत होता म्हणून बैल वाचला. नळीतून वायू निघताना जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. त्यानंतर एकाही जनावराला कुठलंही इंजेक्शन मी मूठ भकाळीत ठेवल्याशिवाय दिलं नाही.

प्रश्न : जर्सी गाय व्याल्यावर दुसऱ्या दिवशी मान पोटाकडे वळवून बसली, उठेना. कान गार पडले होते. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली. अर्धी बाटली जाते न जाते तोच गाईनं मोठी ढेकर दिली आणि शेण टाकलं. कॅल्शियम हाडांसाठी असतं ना? मग पोट कसं हललं?
*(एक वाचक, गुहागर तालुका)*

उत्तर : तुमचं निरीक्षण अगदी अचूक आहे. ते शेण घट्ट, वरून चिकट आवेची साय धरलेलं होतं का, आठवून बघा. नाकपुडीवर घामाचे थेंबही आले असतील. सलाइनच्या बाटलीकडे न बघता मी या तीन गोष्टींकडे बघत असे. त्या दिसल्या की गाय उठणार.

वर लिहिलं की रिसेप्टरवर हुकूम बसला की पेशीत कॅल्शियम वाढतं. हेच कॅल्शियम मृदू स्नायूचं आकसणं घडवतं. पेशीतल्या कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला ते धरतं, मग पुढची यंत्रणा हलते. अंगाच्या स्नायूपाशी स्वतःचा कॅल्शियमचा साठा भरपूर असतो. मृदू स्नायूचा साठा तुटपुंजा, त्याला बाहेरच्या रक्तातून बरंच घ्यावं लागतं. रक्तातलंच आटलं तर हुकूम पोचूनही स्नायू ढिला पडतो. म्हणून या आजारात, म्हणजे दुग्धज्वरात, गाय कोसळण्याआधीच पोट मंद होतं, शेण सुकतं. पायांचं बळ जातं ते नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप अडखळल्यामुळे.

आता हिशोब पाहा. दहा लिटर चिकात सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम जातं. गाईच्या सगळ्या रक्तद्रवात मिळून तीन ग्रॅमच्या आतबाहेर असतं. एका धारेत रक्तातल्या साठ्याच्या कितीतरी पट बाहेर पडलं, आणि हाडांमधून ते काढायला शरीराला एक-दोन दिवस लागतात. जर्सीत हा त्रास जास्त, आपल्या कोकण कपिलेला फार कमी, कारण तिचं दूधच बेताचं.

१८८३ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर यांच्या लक्षात आलं की बेडकाचं हृदय नळाच्या पाण्यात केलेल्या खारट द्रावणात धडधडत राहतं, आणि ऊर्ध्वपातित पाण्यात केलं तर बंद पडतं. नळाच्या पाण्यातल्या चुन्याचा तो परिणाम होता. तुमच्या गोठ्यात घडलं ते त्याच जातीचं. फक्त एक भीती लक्षात ठेवा. हेच कॅल्शियम शिरेतून घाईनं गेलं तर हृदय थांबतं. डॉक्टर बाटली हळू सोडतात, मधूनच छातीला कान लावतात. त्यांना "लवकर आटपा" म्हणू नका.

प्रश्न : सर, मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला आतड्यावरच्या औषधांचा प्रयोग संगणकाच्या पडद्यावर दाखवतात. बटण दाबलं की रेघ वर जाते. तुमच्या काळी हे प्रत्यक्ष करायचे ना? आमचं काही राहून जातंय का?
*(एक विद्यार्थिनी, सावंतवाडी)*

उत्तर : बेटा, जनावर न मारता शिकता येत असेल तर तसंच शिकावं. तुमच्या पिढीला गिनीपिग मारावा लागत नाही याचं मला समाधान आहे. पण पडद्यावरच्या रेघेमागे काय असतं, ते सांगितलंच पाहिजे.

परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात आम्ही हे सावकाश फिरणाऱ्या ढोलावर केलं. पितळी ढोलाला चकचकीत कागद गुंडाळायचा, रॉकेलच्या धुरावर फिरवून तो काजळीनं सारखा काळा करायचा. जाड थर बसला तर रेघ अडते, पातळ बसला तर दिसत नाही. आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना दोरा, पण भोक बंद होता कामा नये. खालचा दोरा काचेच्या नळीला, वरचा तरफेला. भोवती टायरोडचं द्रावण, म्हणजे मीठ, थोडं पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडा, फॉस्फेट आणि ग्लुकोज. तापमान ३७ अंश, खालून हवेचे बुडबुडे. शरीराबाहेर काढलेलं आतडं असं जिवंत राहतं, हे रुडॉल्फ माग्नुस यांनी १९०४ मध्ये दाखवलं होतं. सशाच्या आतड्याचा तुकडा कुणी न सांगता हलत राहतो. तरफेचं टोक काजळीवर बारीक बारीक पांढऱ्या लाटा ओढतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पिपेट हातात धरून नुसता उभा राहिलो होतो.

मग ॲसिटिलकोलिन टाकायचं, अर्धा मिनिट थांबायचं, रेघ चढते, धुवायचं, पुन्हा शांत होऊ द्यायचं. मात्रा दुप्पट करत जायचं. रेघ वाढत वाढत एका उंचीवर अडते, त्यापुढे कितीही टाका. ॲड्रेनलिन टाकलं की लाटा मावळतात. रक्तवाहिनीला आवळणारं हेच ॲड्रेनलिन आतड्याला सैल करतं, कारण रिसेप्टर वेगळे.

खरी गोष्ट यापुढे होती. द्रावणात ॲट्रोपिन टाकलं आणि मगाचीच ॲसिटिलकोलिनची मात्रा दिली. रेघ सपाट. माझा जोडीदार म्हणाला, तुकडा मेला. सरांनी काही न बोलता बेरियम क्लोराइडचे थेंब टाकले, आणि तरफ ताडकन वर गेली. स्नायू जिवंतच होता. ॲट्रोपिननं त्याचा एकच दरवाजा लावला होता. बेरियम त्या दरवाजानं येत नाही, ते थेट स्नायूवरच काम करतं. पुढे पॅपाव्हरिन टाकलं तेव्हा ॲसिटिलकोलिन आणि बेरियम दोन्ही निष्प्रभ झाले, कारण पॅपाव्हरिन स्नायूलाच आतून सैल करतं. देवगडच्या कालवडीचं पत्र वाचताना मला तो काळा कागद आठवला. तिचं पोटही मेलेलं नव्हतं.

तुमचं राहून जातंय ते एवढंच: तुकडा रुसतो. द्रावण दोन अंश गार झालं, बुडबुडे अडले, दोरा जास्त ताणला, की रेघ खोटी येते. पडद्यावरची रेघ कधी खोटी येत नाही. तुमच्या शिक्षकांना विचारून पाहा. खाटकाकडून कोंबडीचं ताजं आतडं आणून हाच प्रयोग करता येतो, त्यासाठी वेगळा प्राणी मारावा लागत नाही. एकदा तरी करा, आणि काय दिसलं ते मला कळवा.

प्रश्न : मासे साफ केलेली घाण खाऊन आमच्या मांजरीला जुलाब आणि पोटात कळा. घरात माणसांची कळांची गोळी आहे, चौथा भाग देऊ का?
*(एक वाचक, मालवण)*

उत्तर : नको. पत्र छापून येईपर्यंत मांजरी बरी झाली असेल अशी आशा करतो, पण हे सगळ्यांसाठी लिहितो. कळांच्या बऱ्याच गोळ्यांत डायसायक्लोमिन असतं, ते ॲट्रोपिनच्याच वाटेनं आतडं सैल करतं. त्याच गोळीत पुष्कळदा पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. मांजराचं यकृत पॅरासिटामॉल निकामी करू शकत नाही, रक्त तपकिरी पडतं, तोंड सुजतं, आणि माणसाची एक साधी गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. जुलाब थांबवायच्या गोळ्याही देऊ नका. आतडं जे बाहेर टाकू बघतंय ते आत कोंडून काय मिळवणार? पाणी पाजा, एक वेळ उपास घडू द्या, रक्त दिसलं किंवा मांजरी मलूल झाली तर दवाखाना गाठा.

प्रश्न : पोट धरलेल्या बैलाला आमचे आजोबा काजऱ्याचं बी उगाळून द्यायचे, बैल खायला लागायचा. चार बिया सोबत पाठवल्या आहेत. प्रमाण किती ठेवावं?
*(एक वाचक, लांजा तालुका)*

उत्तर : आजोबांचं निरीक्षण खोटं नव्हतं. काजरा भयंकर कडू, कडू चवीनं लाळ सुटते, भूक चाळवते. गुरांच्या जुन्या पाचक चूर्णांतही तो असे. पण त्यातलं स्ट्रिक्निन पोटाच्या स्नायूला चालना देत नाही. ते मज्जारज्जूवर जातं, आणि जरा जास्त झालं की नुसत्या पावलाच्या आवाजानंही जनावराचं अंग धनुष्यासारखं ताठतं. एका बीत ते किती आहे हे उगाळणाऱ्याला कळत नाही. मी प्रमाण सांगणार नाही. आलं, ओवा, थोडा गूळ द्या, आणि भकाळीत मूठ ठेवून आधी पोट थांबलंय का ते बघा. ते थांबलेलंच असेल आणि शेणही अडलं असेल तर आत काही अडकलंय का, हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पोट हलवायचं कुठलंही औषध देऊ नका. अडलेल्या आतड्याला जोर लावला तर ते फाटतं.

बिया मिळाल्या, काजऱ्याच्याच आहेत. त्या परत पाठवत नाही. घरात लहान मुलं आहेत असं तुम्हीच लिहिलं आहे.